सायकल-सल्ला : जुनी टायटॅनियम माउंटन बाइक आणि न मिळणारे सुटे भाग

1990 च्या दशकातल्या टायटॅनियम माउंटन बाइक आपल्या भागात मोजक्याच आहेत. बहुतेक परदेशात नोकरीला असलेल्या नातेवाइकांनी आणलेल्या. बेळगाव, खानापूर, निपाणी, गोकाक, कारवार, संकेश्वर इथून त्यांच्याबद्दल आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मामांनी अमेरिकेतून आणलेली राखाडी सायकल माळ्यावर पडून आहे. स्टिकर गेलेत. ती टायटॅनियमचीच आहे हे कसं ओळखायचं? आणि पार्ट मागवण्याआधी काय मोजायचं?
— वाचक, टिळकवाडी

उत्तर : आधी लोहचुंबक लावा. चिकटला तर पोलाद. नाही चिकटला तर टायटॅनियम किंवा अ‍ॅल्युमिनियम. रंग न दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर एवढ्या वर्षांत पांढरट भुकटी आणि बारीक खड्डे दिसतात. टायटॅनियम तसंच राखाडी राहतं. नळ्यांची जाडीही बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या फुगीर आणि वेल्डिंग जाड असतं, टायटॅनियमच्या नळ्या बारीक आणि वेल्डिंग नाजूक. घनता टायटॅनियमची 4.5, अ‍ॅल्युमिनियमची 2.7 आणि पोलादाची 7.8, त्यामुळे हातात घेतल्यावर फ्रेम पोलादापेक्षा बरीच हलकी लागते. कोणी ग्राइंडर लावून ठिणग्या बघू म्हणालं तर साफ नकार द्या. या नळ्यांची भिंत एक मिलिमीटरच्या आसपास असते.

बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल जिथे फिरतो तो डबा) खाली किंवा मागच्या ड्रॉपआउटवर (चाकाचा एक्सल अडकतो त्या खाचेवर) नंबर कोरलेला असेल, तो लिहून ठेवा. मर्लिन, लाइटस्पीड, मूट्स ही त्या काळातली मोठी अमेरिकन नावं. लाइटस्पीडने दुसऱ्या कंपन्यांच्या नावावरही फ्रेम बनवून दिल्या, त्यामुळे स्टिकरपेक्षा नंबर आणि मापं जास्त खरी.

मोजायला डिजिटल व्हर्नियर घ्या, पट्टीचं काम नाही. सीट ट्यूबचा (सीटखालच्या उभ्या नळीचा) आतला व्यास तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली, पुढून-मागून आणि डावीकडून-उजवीकडून असा दोनदा मोजा. तोंडाशी क्लॅम्पने नळी आवळलेली असते, तिथलं माप फसवं. सीट पोस्ट (सीटचे दांडे) 0.2 मिमीच्या फरकाने येतात: 26.8, 27.0, 27.2. एक पायरी लहान पोस्ट बसते, पण आत हलत राहते आणि नळीच्या तोंडाशी तडा जातो. हेड ट्यूबचा (हँडलखालच्या पुढच्या आखूड नळीचा) आतला व्यास 30 मिमीच्या आसपास असेल तर हेडसेट (तिच्यातलं बेअरिंग) 1 इंची, 34 असेल तर 1⅛ इंची, 37 असेल तर 1¼ इंची. शेवटचं माप फार थोडी वर्षं चाललं; त्याचा हेडसेट जुना चांगला असेल तर छर्रे बदलून तोच जपा.

बीबीच्या डब्याची रुंदी 68 किंवा 73 मिमी असते. आटे बहुधा इंग्लिश, म्हणजे 1.37 इंच, इंचाला 24. चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे विसरून पाना लावल्यामुळे कितीतरी बीबी आणखी घट्ट बसतात. मर्लिनच्या सुरुवातीच्या फ्रेममध्ये तर आटेच नसत, बेअरिंग थेट दाबून बसवलेलं असे. म्हणून पाना लावण्याआधी टॉर्च मारून बघा.

मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर 135 मिमी असावं, 1980 च्या दशकातलं मॉडेल असेल तर 130. पोलादी फ्रेम ओढून रुंद करतात तसं टायटॅनियमला करू नका. ते परत मूळ जागी येतं, आणि जोर वाढवला तर वेल्डजवळ तडा जातो. 130 च्या फ्रेमला 130 चाच हब शोधा.

क्रँकच्या चेनरिंगसाठी, म्हणजे पॅडलजवळच्या दातेरी चकतीसाठी, शेजारच्या दोन बोल्टच्या केंद्रांतलं अंतर मोजा आणि 1.701 ने गुणा, की बोल्टच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. पाच हातांच्या (पाच बोल्टच्या) क्रँकला 64.7 मिमी आलं तर माप 110, आणि 55.3 आलं तर 94. आतल्या लहान रिंगला 43.5 म्हणजे 74, आणि 34.1 म्हणजे 58. एवढे आकडे कागदावर असल्याशिवाय एक रुपयाचीही ऑर्डर देऊ नका.

प्रश्न : सीट पोस्ट अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि फ्रेममध्ये पूर्ण जाम झालाय. गॅरेजवाल्याने पाइप रेंच लावला, वरचं डोकं वाकलं पण पोस्ट हलला नाही. काय करावं?
— वाचक, खानापूर

उत्तर : पाइप रेंच आता थांबवा. पुढचा झटका फ्रेमला बसेल.

अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये ओल असली की अ‍ॅल्युमिनियम गंजतं. त्याचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो आणि फटीत पाचरीसारखा बसतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यातला पाऊस आणि नळीत उतरणारा तांबडा चिखल, दोन्ही मिळून हे काम लवकर करतात. टायटॅनियमला त्यात काही होत नाही. म्हणजे वाचवायची आहे ती फ्रेम; पोस्ट गेला तरी चालेल.

पहिला उपाय तेल आणि थंडी. बीबी काढा, सायकल उलटी करा, बीबीच्या डब्यातून सीट ट्यूबमध्ये पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस तशीच ठेवा. मग पोस्ट थंड करा. इथे बहुतेकजण उलट करतात, गॅसचा टॉर्च घेऊन बसतात. अ‍ॅल्युमिनियम टायटॅनियमच्या अडीचपट प्रसरण पावतं, त्यामुळे तापवलं की पोस्ट जास्तच घट्ट होतो. बर्फ आणि मीठ पोस्टच्या पोकळीत भरलं तर तापमान 45 अंशांनी उतरवता येतं, 27.2 च्या पोस्टला त्यातून सुमारे 0.017 मिमी सैलपणा मिळतो. कोरडा बर्फ मिळाला तर 0.04 मिमीपर्यंत. आकडे लहान आहेत, पण गंजाची पकड तेवढ्याने तुटू शकते.

फिरवताना पोस्टचं डोकं मोठ्या बाकावरच्या व्हाइसमध्ये घट्ट पकडा आणि सायकलची फ्रेम दोन हातांनी फिरवा, एक हात हेड ट्यूबजवळ, दुसरा मागच्या त्रिकोणावर. आधी थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे. फ्रेममधून लोखंडी पाइप घालून तरफ करायची नाही. दोन माणसांच्या हातांनी जे हलत नाही, ते तरफेने हलवलं तर सीट ट्यूब पिळते.

तरीही नाही हललं तर कॉस्टिक सोडा. तो अ‍ॅल्युमिनियम विरघळवतो आणि थंड, पातळ द्रावणात टायटॅनियमला हात लावत नाही. पण सुरू करण्याआधी खात्री करा की पोस्ट अ‍ॅल्युमिनियमचाच आहे. कार्बन किंवा टायटॅनियमच्या पोस्टवर त्याचा उपयोग नाही. काही फ्रेममध्ये सीट ट्यूबच्या आत अ‍ॅल्युमिनियमची स्लीव्ह असते, तीही विरघळेल. बाटलीच्या स्टँडचे बोल्ट रिव्हेट-नटमध्ये असतील तर ते नट अ‍ॅल्युमिनियमचे आहेत का बघा. हेडसेट, केबल, सगळं उतरवून नुसती फ्रेम ठेवा.

पोस्ट फ्रेमच्या वर तीन सेंटिमीटर ठेवून हॅकसॉने कापा, म्हणजे पोकळी उघडी होते. बीबीच्या डब्यातून सीट ट्यूबचं खालचं तोंड रबरी बुचाने बंद करा, बाटलीच्या बोल्टची भोकंही बंद करा, आणि फ्रेम उभी बांधा. एक लिटर थंड पाण्यात 100 ग्रॅम कॉस्टिक, हळूहळू. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. प्लास्टिकची बादली वापरा. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं किंवा जस्त चढवलेली बादली नाही.

हिशेब असा: 100 ग्रॅम कॉस्टिक सुमारे 67 ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम खातं, आणि त्यातून 90 लिटरच्या आसपास हायड्रोजन निघतो. म्हणून हे काम उघड्या अंगणातच, आणि जवळ विडी, काडी, चूल काही नको. एका भरणीला पाव लिटरच्या आसपास मावतं, त्यात 16-17 ग्रॅम धातू जातो. आत 80 ग्रॅम पोस्ट असेल तर पाच भरण्या धरा. घाई म्हणून द्रावण दाट किंवा गरम करू नका. फेस उसळून अंगावर येतो. डोळ्यांना बंद गॉगल, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बाजूला स्वच्छ पाण्याची भरलेली बादली, यातलं एकही नसेल तर सुरू करू नका. लहान मुलं आणि जनावरं लांब ठेवा.

फेस थांबला की द्रावण प्लास्टिकच्या बादलीत ओता, नवं भरा. पोस्ट कागदासारखा पातळ झाला की पक्कडीने आत दुमडून निघतो. नळ्यांच्या जोडांवर आतून बारीक भोकं असतात, त्यांतून द्रावण इतर नळ्यांतही गेलेलं असतं. म्हणून फ्रेम सगळ्या बाजूंनी उलटीसुलटी करत भरपूर पाण्याने धुवा, मग पातळ व्हिनेगरने, मग पुन्हा पाण्याने. काळं द्रावण विहिरीजवळ, शेतात किंवा गटारात ओतायचं नाही. व्हिनेगर घालत जाऊन लिटमस कागद निळा होणं थांबेपर्यंत ते शांत करा.

नवा पोस्ट बसवताना नुसतं ग्रीस नको, तांब्याचं अँटी-सीझ (भाग जाम होऊ न देणारं लेपण) लावा. पावसाळा संपला की एकदा काढून पुसून परत लावा. एवढं केलं तर ही वेळ पुन्हा येत नाही.

प्रश्न : आमचं उद्यमबागेत लेथ आणि लहान सीएनसी आहे. जुन्या सायकलींचे न मिळणारे पार्ट आम्ही बनवू शकतो का?
— वाचक, बेळगाव

उत्तर : बरेच बनवू शकता, आणि बनवावेत. फाउंड्री, क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिकचं काम करणारं हे गाव. हत्तरगीला तर विमानांचे सुटे भाग बनतात. परदेशातून महिनोन्महिने वाट बघायला लावणारी एखादी स्लीव्ह इथे एका दुपारचं काम आहे. पण कोणता पार्ट बनवायचा आणि कोणता कधीच नाही, ही रेषा आधी आखा.

सीट पोस्टची शिम (फट भरणारी पातळ बाही), हेडसेटचे स्पेसर, कॅंटिलिव्हर ब्रेकच्या (रिमवर दाबणाऱ्या जुन्या ब्रेकच्या) वायरचा हँगर, केबलचे थांबे हे बिनधास्त. आठ गीअरच्या हबवर सात गीअरची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) बसवायला मागे 4.5 मिमीचा स्पेसर लागतो, तोही. डिरेलरच्या (चेन एका गीअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या) चाकांसाठी डेलरिन प्लास्टिक घ्या, नायलॉन पाणी पिऊन फुगतं. चेनची पिच (शेजारच्या दोन पिनांतलं अंतर) 12.7 मिमी, रोलर 7.75 मिमी, म्हणजे 10 दात्यांच्या चाकाचा पिच व्यास 41.1 आणि 11 दात्यांचा 45.1 मिमी. चेनरिंगही जमतं, कारण पाच हातांच्या 94 मापाच्या रिंगा आता क्वचितच मिळतात. प्लेट 7075-टी6 या कडक अ‍ॅल्युमिनियमची घ्या; साधी अ‍ॅल्युमिनियम प्लेट एका मोसमात झिजून दाते अणकुचीदार होतात. 32 दात्यांचा पिच व्यास 129.6 मिमी, आणि आठ गीअरच्या चेनसाठी दात्याची जाडी 2.1 मिमी ठेवा. बोल्टच्या जागेची खोली जुन्या रिंगवरून उचला, कारण चेनलाइन (चेनची सरळ रेषा) तिथेच ठरते.

स्टेम, हँडल, क्रँकचा हात, पॅडलचा एक्सल, फोर्कची स्टीअरर नळी, सीट पोस्टचं डोकं, ब्रेकचे हात आणि लिव्हर: हे बनवू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. या भागांवर दर पॅडलला, दर खड्ड्याला उलटसुलट ताण येतो. लेथवर राहिलेली एक धारदार खाच, एक टूलची रेघ, तिथून तडा सुरू होतो आणि आधी काही कळत नाही. तुटतो तेव्हा माणूस तोंडावर पडतो. असा भाग जुना, खात्रीच्या कंपनीचा, तडा न गेलेला शोधा; मिळेपर्यंत सायकल थांबू द्या.

टायटॅनियमचे बोल्ट करणार असाल तर ग्रेड 5 चा रॉड सर्टिफिकेटसह घ्या. वेग कमी, कार्बाइड टूल धारदार, फीड सतत चालू, कूलंट भरपूर. टूल एका जागी घासत ठेवलं की पृष्ठभाग कडक होतो आणि टूल जळतं. बारीक चिप्स पेट घेतात. त्यावर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू जवळ ठेवा.

प्रश्न : बीबीजवळ चेनस्टेच्या (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीच्या) वेल्डला केसासारखी रेघ दिसते. आमच्याकडचा टिग वेल्डर स्टेनलेसचं उत्तम काम करतो. त्याच्याकडून करून घेऊ का?
— वाचक, गोकाक

उत्तर : आधी ती रेघ ओरखडा आहे की तडा, ते ठरवा. फाउंड्रीत कास्टिंग तपासायला लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर वापरतात, तेच इथे चालतं. जागा स्वच्छ करून डाय लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसा, डेव्हलपर फवारा. लाल रेघ परत वर आली तर तडा. सीट ट्यूब आणि वरच्या नळीचा जोड, डाउन ट्यूबची हेड ट्यूबजवळची बाजू आणि ड्रॉपआउटही त्याच वेळी तपासून घ्या.

तडा निघाला तर स्टेनलेसच्या वेल्डरकडे, तो कितीही कसबी असला तरी, देऊ नका. गरम टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं. वेल्डिंगच्या टॉर्चचा आर्गन वायू पुरत नाही. नळीच्या आतून आर्गन सोडावा लागतो, आणि वेल्ड थंड होईपर्यंत वरूनही झाकून ठेवावा लागतो. वेल्ड चकचकीत रुपेरी किंवा हलका सोनेरी निघाला तर काम नीट. निळा-जांभळा झाला तर शंका, पांढरी-करडी भुकटी दिसली तर ती फ्रेम पुन्हा तुटणार. टायटॅनियमवरच काम करणारा आणि जुन्या वेल्डचे नमुने दाखवू शकणारा माणूस मिळेपर्यंत सायकल चालवू नका. तड्याच्या टोकाला भोक पाडून चालवायचा सल्लाही मानू नका.

प्रश्न : पुढच्या सस्पेन्शन फोर्कमधलं रबर चिकट होऊन विरघळलंय. नवा 100 मिमीचा फोर्क लावला तर चालेल का?
— वाचक, निपाणी

उत्तर : शक्यतो नको. त्या काळातले फोर्क 50 ते 63 मिमी ट्रॅव्हलचे (तेवढे दबणारे), आणि फ्रेम त्या उंचीसाठी बांधलेली. फोर्क 20 मिमीने उंच झाला की हेड अँगल (हेड ट्यूबचा कल) सुमारे एक अंशाने झोपतो. सायकल वळायला जड होते आणि डाउन ट्यूबच्या जोडावर ताण वाढतो. शिवाय नव्या फोर्कना बहुधा कॅंटिलिव्हर ब्रेक बसवायचे खिळे नसतात, फक्त डिस्क ब्रेकची सोय असते, आणि तुमच्या हबला डिस्क लागत नाही.

विरघळलेलं रबर म्हणजे फेसासारखं युरेथेन. त्याच्या जागी कोल्हापूर किंवा बेळगावात मिळणारा भरीव पॉलीयुरेथेन रॉड कापून घालतात, ते चुकतं. भरीव रॉड दाबला की आडवा फुगतो आणि नळीत अडकतो. त्या मॉडेलचे नव्याने ओतलेले तुकडे मिळाले तर घ्या. नाहीतर एक्सलपासून क्राउनपर्यंतची (फोर्कच्या वरच्या जोडापर्यंतची) लांबी मोजा आणि तेवढ्याच लांबीचा, कॅंटिलिव्हरचे खिळे असलेला पोलादी साधा फोर्क बसवा. वजन थोडं वाढेल, पण राजहंसगडाच्या उतारावर भरवसा राहील.

प्रश्न : सात गीअरचा शिफ्टर (गीअर बदलायचा लिव्हर) टकटक करत नाही, नुसता फिरतो. तोच मॉडेल कुठेच मिळत नाही. समुद्राच्या हवेने गेला असेल का?
— वाचक, कारवार

उत्तर : बहुतेकदा तो गेलेला नसतो. कारखान्यातलं ग्रीस वाळून मेणासारखं होतं आणि आतला लहान कुत्रा (दात्यात अडकणारा खटका) दात्यावर पडत नाही. उघडू नका, स्प्रिंग उडाली की परत बसवणं कठीण. केबल काढा, फटीतून पेनिट्रेटिंग स्प्रे भरपूर सोडा, लिव्हर शंभरेक वेळा दाबा, घाण वाहून जाऊ द्या, पुन्हा सोडा. टक परत आली की हलकं तेल.

नाहीच आली तर शिमानोचा सात गीअरचा साधा नवा शिफ्टर चालतो, कारण डिरेलरला लागणारा तारेचा ओढा तोच आहे. सात गीअरच्या कॅसेटची पिच (शेजारच्या दोन चक्रांतलं अंतर) 5.0 मिमी, आठची 4.8, नऊची 4.35, म्हणून शिफ्टर आणि कॅसेट एकाच संख्येच्या हव्यात. जुने सनटूर कंपनीचे भाग असतील तर हे लागू नाही, तिथे शिफ्टर, डिरेलर, कॅसेट तिन्ही जुळवूनच घ्यावं लागतं. परदेशातून जुना पार्ट मागवताना विक्रेत्याकडून व्हर्नियर लावलेला फोटो मागा, आणि कस्टम ड्युटी किमतीत आधीच धरा.

समुद्राच्या हवेत काळजी करायची ती पोलादी बोल्टची. टायटॅनियमच्या आट्यांत ते कोरडे घालू नका, प्रत्येकाला अँटी-सीझ.

प्रश्न : फ्रेमवर तांबडे डाग आहेत. टॉयलेट क्लीनरने निघतील का? आणि 26 इंची टायर इथे मिळतो तो बसेल का?
— वाचक, संकेश्वर

उत्तर : टॉयलेट क्लीनर नको, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. कपड्यांवरचे गंजाचे डाग काढणारी काही द्रावणं तर त्याहून वाईट. त्यांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, ते टायटॅनियम खातं आणि माणसाच्या हाडापर्यंत जातं. साबणाचं पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग करड्या स्कॉच-ब्राइटने एकाच दिशेने, मूळ रेघांना धरून. गोल घासलं तर ठिपके कायमचे दिसतात. हाताच्या बोटांचे ठसे पातळ तेलाच्या फडक्याने जातात.

टायरच्या बाबतीत आकडा नीट वाचा. तुमच्या रिमवर 559 छापलेलं असेल, म्हणजे टायर बसतो तिथला रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये. 26 × 1.95, 26 × 2.10, 26 × 2.125 असं दशांशात लिहिलेले टायर 559 चे, ते बसतात आणि संकेश्वर-बेळगावात सहज मिळतात. 26 × 1⅜ हा 590 चा, लेडीज सायकलीचा. 26 × 1½ हा 584 चा. दोन्ही रिमपेक्षा मोठे, चढतात पण बसत नाहीत, आणि हवा भरली की निसटतात. ट्यूबवरही 26 × 1.75 ते 2.125 असंच छापलेलं बघून घ्या.